गृहसंगणक विभागाचे सुट्टीतील कामकाज

सुट्टी ही विश्रांतीसाठी नसून साठलेल्या कामांसाठी असते, हे तत्त्व ज्या कुटुंबाला वेळीच कळलं त्या कुटुंबाची प्रगती कोणी रोखू शकत नाही. आमच्या कुटुंबाला ते भाचीने संगणकाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला त्याच संध्याकाळी कळलं. त्याआधी घरात काही बिघडलं की आम्ही ते बिघडलेलं म्हणून सोडून देत असू. आता आम्ही ते सुट्टीपर्यंत जपून ठेवतो.

घरात सगळे भाचीला 'इंजिनिअर' म्हणतात. (विद्यापीठाने अजून म्हटलेलं नाही.) ती वसतिगृहात राहते आणि सुट्टीला घरी येते. ती आली की गृहसंगणक विभाग सुरू होतो आणि ती परत गेली की बंद पडतो. विभागात ती एकटीच आहे; लाभार्थी मात्र भरपूर आहेत. प्रस्तुत लेखक तिचा मामा, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो, आणि नोकरीची सगळी वर्षं एका कचेरीच्या आवक-जावक शाखेत काढल्यामुळे या विभागाचा अहवाल लिहिण्यास सर्वथा पात्र आहे. (कळफलकावर कंस कुठे असतात हे मला विभागानेच दाखवलं. तेव्हापासून मी ते वापरतो.)

विभागाचं कामकाज समजण्यासाठी प्रथम तक्रारींचं स्वरूप पाहू. एकूण तक्रारींपैकी सुमारे सत्तर टक्के 'मी काही केलं नाही, आपोआप झालं' या सदरात मोडतात. वीस टक्के 'कालपर्यंत चालत होतं' या सदरात. उरलेल्या दहा टक्क्यांत तक्रारदार फोन पुढे करून नुसताच उभा राहतो. वेळ मोजण्याचं विभागात एकच माप आहे, ते म्हणजे 'दोन मिनिटं'. "जरा येतेस का, दोनच मिनिटं" असं म्हटलं की सकाळ जाते. कोणी "पाच मिनिटं" म्हणालं तर जेवण डब्यात भरून ठेवावं लागतं.

भाची हाक आली की लगेच उठते. हातात पुस्तक असतं, ते ती खाली ठेवत नाही. वाचत होती त्या पानात बोट घालून येते आणि दुसऱ्या हाताने फोन दुरुस्त करते. या सुट्टीत तिचं बोट बराच काळ एकाच पानात होतं. आम्ही सर्वांनी तिच्या एकाग्रतेचं कौतुक केलं.

त्या पुस्तकाबद्दल थोडं सांगणं आवश्यक आहे. विषय होता ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाच्या पोटात अनेक कामं एकाच वेळी भांडत असताना संसार कसा चालवायचा याचं शास्त्र. हा विषय भाचीचा मागच्या खेपेला राहिला होता. या खेपेला सुटला नाही तर अंतिम वर्षाला प्रवेश नव्हता, म्हणजे एक वर्ष घरी. मागच्या अपयशाची कारणं शोधण्यासाठी तेव्हा जेवणाच्या टेबलावर बैठक झाली होती. भाचीचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, यांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांच्या मते जगातल्या बहुतेक अडचणींचं मूळ डोळ्यांत असतं. त्यांनी भाचीचे डोळे तपासले. ते उत्तम निघाले. मग आमच्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, निष्कर्ष काढला की पोरीने फार वाचलं. मागच्या सुट्टीत विभागाने घरातले सगळे फोन, दुकानातला संगणक आणि शेजाऱ्यांचा दरवाजा उघडणारं यंत्र दुरुस्त केलं होतं, त्याचा या चर्चेशी संबंध नसल्याने तो मुद्दा आला नाही.

या खेपेला मात्र ताईने कडक नियम केला: पोरगी अभ्यासाला बसली की तिच्या खोलीत कोणी जायचं नाही. हा नियम नीट पाळला जातोय ना, हे पाहायला ताई दर थोड्या वेळाने तिच्या खोलीत जात असे. आणि आलेच आहे तर, आपला फोन दाखवून येत असे.

एवढ्या पूर्वतयारीनंतर मूळ प्रकरणाकडे वळू.

भाऊजींच्या फोनवर कोणीतरी एक निरोप पुढे ढकलला की जगभरातले ईमेल चोरीला जात असून प्रत्येकाने आपला पासवर्ड तात्काळ बदलावा. भाऊजी कायदा पाळणारे गृहस्थ. त्यांनी तात्काळ बदलला. नवा पासवर्ड इतका अवघड घेतला की चोराला सापडणार नाही. तो भाऊजींनाही सापडेना. (सुरक्षिततेची यापुढे पायरी नाही.) एरवी अशा वेळी माणूस इंजिनिअरला हाक मारतो, पण भाऊजींनी ताईचा नियम मनावर घेतला, म्हणाले पोरीला कशाला त्रास, आणि स्वतःच उपाय केला. फोनमध्ये 'फोन नव्यासारखा करा' असं एक बटण असतं. फोन खरोखरच नव्यासारखा झाला, म्हणजे भाऊजींना ओळखेनासा झाला. आपण मालक आहात हे ईमेलचा पासवर्ड देऊन सिद्ध करा, असं तो म्हणू लागला.

भाऊजी शांतपणे दुकानात निघून गेले. फोन त्यांनी इंजिनिअरच्या दारात ठेवला होता.

आता हे प्रकरण 'सुट्टी संपायच्या आत बघू' या सदरात पडून राहिलं असतं. परंतु त्याच सकाळी भाचीच्या लक्षात आलं की परीक्षेचं प्रवेशपत्र उतरवून घ्यायची मुदत त्या संध्याकाळी संपते, आणि प्रवेशपत्राचा दुवा नोंदवलेल्या ईमेलवर आलेला आहे. नोंदवलेला ईमेल भाऊजींचा. प्रवेश घेताना तेच म्हणाले होते, "सगळं माझ्या नावावर असू दे. कसं, कधी गडबड होत नाही." भाचीने परीक्षा विभागाला फोन लावला. तो लागला, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. पलीकडच्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितलं की ईमेल उघडत नसल्यास तशी तक्रार त्याच ईमेलवरून पाठवावी.

भाचीचा चेहरा पांढरा पडला. पण ती विभागप्रमुख होती. 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर तिने बोट ठेवलं. त्यावर उत्तर आलं की एक ओटीपी, म्हणजे थोडा वेळच चालणारा गुप्त आकडा, आपल्या नोंदवलेल्या फोनवर पाठवला आहे. नोंदवलेला नंबर होता ताईचा जुना नंबर. तो ताईने नवा घेतला तेव्हा आत्याला देऊन टाकला होता.

"मग काय," ताई म्हणाली, "आत्या काय परकी आहे? जा, विचारून ये. दोन मिनिटांचं काम."

आत्या म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून तिचा शिवणक्लास आहे. भाची निघाली, आणि अहवालाच्या दृष्टीने प्रत्यक्षदर्शी असावा म्हणून मीही निघालो. आत्या मशीनवर बसून एका झग्याला अस्तर लावत होती. फोन शेजारी टेबलावर, कात्रीखाली दाबून ठेवलेला.

"आत्या, तुझ्या फोनवर एक आकडा आलाय बघ. तेवढा सांग ना."

"कसला आकडा?"

"ओटीपी."

आत्याने मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला. "नाही सांगायचा."

"अगं, मी मागतेय!"

"तूच शिकवलंस मागच्या सुट्टीत. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. अगदी मी समोर उभी राहून मागितला तरी नाही. म्हणाली होतीस की नाही?"

"म्हणाले होते, पण..."

"हे 'पण' म्हणूनच लुबाडतात. हेही तूच सांगितलंस."

हे खरं होतं. मागच्या सुट्टीत विभागाने कुटुंबातील ज्येष्ठांसाठी एक सुरक्षा प्रशिक्षण घेतलं होतं. उपस्थितांपैकी बहुतेकांनी ते विनम्रपणे ऐकलं आणि जेवायला उठले. प्रशिक्षण खरोखर आत्मसात करणारी एकूण लाभार्थींमध्ये एकच निघाली. गुरूची विद्या गुरूलाच, याहून मोठं यश कोणत्या विभागाला मिळालं आहे? मी आत्याचं अभिनंदन केलं. भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अहवालात घेत नाही.

"बरं, कोणाला सांगशील मग?" भाचीने विचारलं.

"ज्याचं आहे त्याला. तुझ्या बाबाने घरच्या ग्रुपवर लिहावं, सगळ्यांदेखत, त्याच्या फोनवरून. आवाजाचं काही खरं नाही हल्ली, आवाजसुद्धा खोटे काढतात." आत्या परत मशीनकडे वळली आणि जरा हळू म्हणाली, "आणि त्याआधी मला ग्रुपमध्ये परत घ्यावं."

इथे पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. काही काळापूर्वी आत्या घरच्या ग्रुपमधून काढली गेली होती. काढणारे भाऊजी. भाऊजींचं म्हणणं, काढलं नाही, अंगठा लागला. आत्याचं म्हणणं, अंगठा लागला तर लागला, पण नंतर एक फोन तरी? भाऊजींचं म्हणणं, चूक झालीच नाही तर फोन कसला? तेव्हापासून दोघांची बोलाचाल बंद होती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. 'आपोआप मिटेल' या सदरात ते जपून ठेवलेलं होतं.

भाची कापडांच्या चिंध्यांमध्ये खालीच बसली. आकड्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. संध्याकाळ फार लांब नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुस्तकाने लपवलं. एवढी वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या मला ते कोणत्या रकान्यात घ्यावं कळेना. मला फार वाईट वाटलं, एवढंच लिहितो.

तोंड लपवायला उघडलेलं पुस्तक, दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून, ती वाचू लागली. बोट होतं तेच पान. आणि वाचता वाचता तिचं रडणं थांबलं. तिने आत्याचा शिवणाचा खडू उचलला आणि फरशीवर एक वर्तुळ काढलं.

"मामा, हे बघा. बाबांचा फोन उघडायला ईमेल पाहिजे. ईमेलला ओटीपी पाहिजे. ओटीपी आत्याकडे. आत्याला बाबांच्या फोनवरून निरोप पाहिजे. आणि बाबांचा फोन..."

"उघडायला ईमेल पाहिजे," मी म्हणालो. मला स्वतःचा अभिमान वाटला.

"याला डेडलॉक म्हणतात. हा अख्खा धडा आहे! हातातलं कोणी सोडत नाही, दुसऱ्याच्या हातातलं सगळ्यांना पाहिजे, कोणी कोणाकडून हिसकावून घेत नाही, आणि सगळे गोल उभे."

"मग पुस्तकात उपाय काय दिलाय?"

"एक उपाय आहे, काही झालंच नाही असं समजून चालायचं."

"तो आपण करतोच," मी म्हणालो.

"दुसरा म्हणजे, कोणीतरी एकाने हातातलं सोडायचं." ती उठली आणि थेट दुकानाकडे निघाली.

भाऊजी एका गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होते. (इथे सांगितलं पाहिजे की जगाला बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या या गृहस्थाने 'अटी मान्य आहेत' याच्या वरचा मजकूर आयुष्यात वाचलेला नाही.) भाचीने सगळा प्रकार सांगितला, प्रवेशपत्राची मुदतही सांगितली.

"बाबा, आत्याला सॉरी म्हणा."

"मी? मी काही केलं नाही. अंगठा लागला."

"मग अंगठ्याच्या वतीने म्हणा."

गिऱ्हाईक भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचण्याचा आव आणत होतं. भाऊजींनी हातातली भिंगांची पेटी मिटली. मग त्यांनी गल्ल्याच्या खणातून काहीतरी काढून खिशात टाकलं, गिऱ्हाइकाला तसंच बसवलं आणि आमच्यासोबत निघाले. शिवणक्लासच्या दारात उभे राहून म्हणाले, "अक्का, चुकलं माझं. अंगठा लागला हे खरं, पण फोन करायला हवा होता. तो नाही केला."

आत्याने अस्तर बाजूला सारलं. "दारात काय उभा आहेस," ती म्हणाली, "आत ये."

इथे सामान्य माणसाला वाटेल की प्रकरण मिटलं. सामान्य माणसाने आमची आत्या पाहिलेली नाही. ओटीपी नव्याने मागवला, फोन वाजला, सगळ्यांनी माना पुढे केल्या, आणि आत्याने फोन छातीशी धरला.

"सांगणार नाही. नियम म्हणजे नियम. पोरी, तुझा फोन दे इकडे, मी स्वतः टाकते. तोंडं फिरवा तिकडे."

आम्ही तोंडं फिरवली. भाऊजी, भाची आणि मी, तिघे भिंतीकडे तोंड करून कापडाच्या गठ्ठ्यांसमोर उभे राहिलो. मागून एकेक आकडा दाबल्याचा आवाज येत होता. मग तिच्या पुटपुटण्याचा. मग तिने सूचना वाचल्याचा: आकडा चुकला आहे, आता एकच संधी शिल्लक.

"तीन आहे की आठ, काही दिसत नाही मेलं," आत्या म्हणाली. "चष्मा जुना झालाय."

"नवा करायला टाकला होतास ना आमच्याकडे?" भाची भिंतीकडे बघतच म्हणाली.

"टाकला होता. न्यायला गेले नाही."

का गेली नाही हे कोणी विचारलं नाही. भाऊजींनी न वळता हात मागे केला. त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं. "तेव्हाच झालाय तयार," ते म्हणाले. "गल्ल्यातच ठेवला होता. दुसऱ्याच्या हातून पाठवावासा वाटला नाही."

मागे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं ओटीपीची वेळ गेली. भाचीने माझा दंड इतका घट्ट धरला की तो पुढे दुखत होता. मग आत्याने नाक ओढलं, चष्म्याच्या दांड्या उघडल्याचा आवाज आला, आणि "आठ. आठच आहे," असं ती म्हणाली.

प्रवेशपत्र मुदतीच्या आत उतरलं. (ते छापायचं होतं. प्रिंटरने पहिल्याच प्रयत्नात छापलं. या घटनेची स्वतंत्र चौकशी व्हावी.) भाऊजींनी फोन उघडल्यावर सर्वप्रथम आत्याला ग्रुपमध्ये घेतलं. आत्याने सर्वप्रथम ग्रुपवर पासवर्ड बदलण्याचा तोच निरोप पाठवला.

परीक्षेत डेडलॉकवर प्रश्न आला: उदाहरणासह स्पष्ट करा. भाचीने पुस्तकातलं उदाहरण सोडून एका फोनचं, एका ईमेलचं, एका चष्मेवाल्याचं आणि एका शिंपीणबाईंचं उदाहरण दिलं, आणि पुरवणी मागून घेतली. निकाल लागला. ती उत्तीर्ण झाली, आणि त्या विषयात चांगल्या गुणांनी झाली. फोनवर ती हे सांगताना इतकी हसत होती की ताईला वाटलं नापास झाली.

त्या रात्रीच्या जेवणाला आत्याही होती. टेबलावर जी बैठक झाली तिचं फलित येणेप्रमाणे: इंजिनिअर उत्तीर्ण झाली ती प्रत्यक्ष अनुभवामुळे. प्रत्यक्ष अनुभव तिला कुटुंबाने दिला. सबब उत्तीर्ण झालं ते कुटुंब. यापुढे प्रत्येक सुट्टीत तिच्या अभ्यासाची हेळसांड होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या परीने काही ना काही बिघडवून ठेवावं. भाऊजींनी दुकानातला संगणक देऊ केला. ताई म्हणाली, माझा फोन तर आत्ताच कसातरी करतोय. ठराव एकमताने मंजूर झाला. (भाची वसतिगृहात असल्याने तिचं मत नोंदवता आलं नाही.)

हा अहवाल इथे संपतो. वाचकहो, तुम्ही हसला असाल. हसायला हरकत नाही. आता हा मजकूर तुम्हाला कोणाला तरी पाठवावासा वाटेल. अक्षरं जरा मोठी करून मिळाली तर बरं, असंही वाटेल. मग तुम्ही आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाल, "जरा येतोस का रे? दोनच मिनिटं." तो येईल. पुस्तकात बोट घालून येईल, आणि एका हाताने तुमचं काम करून देईल. परत जाईल तेव्हा त्या बोटाकडे एकदा बघा. ते कालच्याच पानात आहे.